प्यारीबाईंच्या फ्रिजचं दार

"रुमाल काढलास?"

"काढला."

"परत लाव."

"मम्मीजी, रुमाल लावला की दार बसत नाही."

"बसू नये म्हणूनच लावलाय."

"दार बसलं नाही तर आत गार कसं राहणार? फ्रिज आहे तो, खिडकी नाही!"

"दार बसलं की रबरावरचं सगळं चिरडतं. तुला नाही दिसत, मला दिसतं."

"मलाही दिसतं. काळं काळं दिसतं. म्हणून तर फडकं आणलंय."

"फडकं खाली ठेव, फाल्गुनी."

"पप्पाजींची शुगर सकाळी तीनशे बारा आली."

"आधी फडकं खाली ठेव. मग शुगरचं बोल."

शहाद्याच्या बाजारपेठेत सुमेरमल शेठजींचं कापडाचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरात, भर चातुर्मासात सकाळी साडेनऊला हे चाललं होतं. आवाज फक्त सुनेचाच चढत होता. सासू, म्हणजे प्यारीबाई, जसजशा रागावतात तसतशा हळू बोलतात. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, प्यारीबाई कुजबुजायला लागल्या की समोरच्याने उठून जावं.

रुमालाची गोष्ट अशी. आठ दिवसांपूर्वी प्यारीबाईंना फ्रिजच्या दाराच्या रबरावर, खालच्या कोपऱ्यात, काळपट-हिरवे ठिपके दिसले. तुम्ही-आम्ही त्याला बुरशी म्हणतो आणि ओढणीच्या टोकाने पुसून मोकळे होतो. प्यारीबाई त्याला लीलण-फूलण म्हणतात. त्यांच्या जैन धर्मात सुईच्या अग्रावर मावेल एवढ्या ठिपक्यात अनंत जीव मोजतात. पुसलं की ते गेले. म्हणून पुसायचं नाही, पाणी टाकायचं नाही, उन्हात न्यायचं नाही; आपणहून सुकेपर्यंत हात लावायचा नाही. गच्चीवर शेवाळ धरलं की प्यारीबाई त्याभोवती खडूने वर्तुळ काढतात आणि घरातली माणसं चार महिने कपडे वाळत घालायला उड्या मारत जातात. पण फ्रिजच्या दाराला वर्तुळ काढून काय उपयोग? ते दिवसातून वीसदा उघडतं आणि वीसदा मिटतं. प्रत्येक मिटण्याला अनंत जीव! प्यारीबाईंनी मग सुमेरमल शेठजींचा एक रुमाल आठ घड्या करून दारात अडकवला. एक बोट फट. जीव वाचले.

त्यानंतर आठ दिवस फ्रिज इमानेइतबारे अख्खं स्वयंपाकघर गार करायचा प्रयत्न करत होता.

आणि आत होतं काय? चातुर्मासात या घरात हिरवी भाजी येत नाही. कांदा-बटाटा तर बारा महिने नाही. उरलेलं काही ठेवायचं नाही, कारण शिळं खायचं नाही. तेव्हा आत दुधाचं एक पातेलं, दह्याचं एक सट, आणि दाराच्या कप्प्यात सुमेरमल शेठजींच्या इन्सुलिनच्या बाटल्यांचं खोकं. दुधाला वास लागला तो चौथ्या दिवशी कळला. इन्सुलिनला वास लागत नाही. ते कळायला शेठजींना तीनशे बारापर्यंत जावं लागलं.

"डॉक्टर फोनवर काय म्हणाले माहितीये?" फाल्गुनी म्हणाली. "म्हणाले, डोस बरोबर आहे, बाटली खराब झाली असेल, फ्रिज नीट चालतो का बघा. मी काय सांगू? फ्रिज नीट चालतो, रुमाल आडवा येतो?"

"नवीन बाटल्या आणायला तरुण गेलाय ना?" प्यारीबाईंनी मुलाचं नाव काढलं.

"गेलेत. चारपर्यंत घेऊन येतील. ठेवायच्या कुठे?"

"माठात."

"किती दिवस? तीन महिन्यांचं औषध आहे ते."

"मग शेजारी..." प्यारीबाईंनी वाक्य स्वतःच गिळलं. शेजारी एका घरच्या फ्रिजमध्ये अंडी असतात. दुसरं घर आपल्यातलंच, पण तिथे बाटली ठेवायला गेलं की दुपारच्या व्याख्यानापर्यंत स्थानकात, साध्वींच्या मुक्कामी, जमणाऱ्या सगळ्यांना कळणार, की प्यारीबाईंच्या घरात लीलण-फूलण धरली. प्यारीबाईंच्या! ज्यांच्याकडे तिथल्या साध्वी, महासतीजी, नव्या सुनांना पाठवतात, जा, जतना कशी करायची, जीव सांभाळून घर कसं चालवायचं, ते त्यांच्याकडून शिकून ये म्हणून.

"एका ठिपक्यात अनंत जीव आहेत," त्या कुजबुजल्या.

"आणि बाहेरच्या खोलीत एक आहे."

"ते पंचेंद्रिय, सगळ्यांत वरचा जीव, मला माहितीये. पण एका बाजूला अनंत..."

"पंचेंद्रिय तिसऱ्यांदा पाणी मागतोय!" बाहेरच्या खोलीतून सुमेरमल शेठजींचा आवाज आला. "हिशेब झाला की तांब्या आणा!"

प्यारीबाई राजस्थानातल्या पालीजवळच्या एका खेड्यातून सतराव्या वर्षी इथे आल्या, त्याला आता एकावन्न वर्षं झाली. घरात मारवाडी, बाजारात अहिराणी, सुनेशी आणि डॉक्टरांशी मराठी. घरातला पाण्याचा थेंब त्यांनी एकावन्न वर्षांत गाळल्याशिवाय वापरू दिलेला नाही. मुंग्यांची रांग दिसली तर आधी पिठाची रेघ ओढून ती दाराबाहेर वळवतात, मग केर काढतात. दुकानात मोलगीच्या डोंगरगावांकडून बायका लुगडी घ्यायला येतात. वर पाणी प्यायला आल्या की उंबऱ्यापाशीच थबकतात: "बाई, मुंग्या कोठून चालल्यात? पाय कुठे ठेवू?" चेष्टेने विचारतात. प्यारीबाई खरोखर दाखवतात.

फ्रिज घरात आला तेव्हा तरुण चौथीत होता. प्यारीबाईंचं म्हणणं, हे कपाट माणसाला शिळं खायला शिकवतं. सहा महिने त्यांनी त्याचं दार उघडलं नाही. मग उन्हाळ्यात दूध तीनदा नासलं आणि तह झाला: फ्रिज राहील, पण प्यारीबाईंच्या हाताखाली. तेव्हापासून फ्रिजला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. असाढी चौदसला, म्हणजे चातुर्मास लागायच्या दिवशी, एकदा त्या तो आतून-बाहेरून पुसतात, आणि पुढचे चार महिने पाण्याचा थेंब लावत नाहीत, कारण ओलीत जीव पडतात. दरम्यान दोन फ्रिज गेले. दुसऱ्याच्या मागे एक पाल शिरली आणि तिथेच मेली. प्यारीबाईंनी तिच्यासाठी तीन दिवसांचा निर्जळ उपास केला. फ्रिजसाठी शेठजींनी केला नाही, पण चेहरा तसाच होता.

हा तिसरा. तो आला त्याच दिवशी प्यारीबाईंनी ठरवलं, की याच्यात एकही जीव जाणार नाही.

"वहाबभाईंना बोलावते," फाल्गुनी म्हणाली.

"रबर बदलायला बोलाव. साफ करायला नाही."

"फरक काय?"

"फरक आहे," प्यारीबाई म्हणाल्या, आणि फरक काय ते मनात जुळवत बसल्या.

वहाबभाई अडीचला आले. एस.टी. स्टँडच्या मागे त्यांचं फ्रिजदुरुस्तीचं दुकान आहे, बोलणं अहिराणी. तीस वर्षं या गल्लीत येतात, त्यामुळे कुठल्या घरात चप्पल कुठे काढायची, कुठल्या घरात पाणी मागायचं नाही, सगळं तोंडपाठ. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी. धानोऱ्याला एका घरी त्यांचा हात फ्रिजच्या मागे होता, आणि घरातल्या नव्या सूनबाईंनी, विजेची पिन निघून पडलेली दिसली म्हणून, मदत म्हणून लावून दिली. तेव्हापासून त्यांची एक पद्धत आहे.

"भाभी, पिन काढा."

प्यारीबाईंनी बटण बंद करून पिन काढली.

"आते ती हातमा धरा, आन आठे बठा. मी हो म्हनस नही, तोवर सोडानी नही."

"मी कशाला? फाल्गुनी धरेल."

"घर कोनं शे?"

"माझं."

"मंग तुम्हीच धरा. पिन तुमना हातमा शे तोवर मी जित्ता शे."

प्यारीबाई चौरंगावर बसल्या. काळी पिन दोन्ही हातांत धरली, जशी एखादी चिमणी धरावी. उठून जपाला बसायचा त्यांचा बेत होता, तो गेला. लीलण-फूलण एकेंद्रिय. मुंगी तीन इंद्रियांची. वहाबभाई पाच. सोडून जाता येईना.

वहाबभाईंनी ओट्याकडे नजर टाकली. फाल्गुनीने तयारी मांडून ठेवली होती: उकळतं पाणी, फिनाईलची बाटली, आणि एक सुरी.

"सुरी कसाले?"

"वर बर्फ धरलाय ना. खरवडायला."

"ती पह्यले तिकडे ठेवा. एक टोचा बठना की गॅस गया, मंग फ्रिजमा कपडा ठेवा. बर्फ आपसूक वितळस. दार उघडं ठेवा आन खाली कापड टाका, बस. आन हाई फिनाईल?"

"हे म्हणाले होते, फिनाईल मार म्हणून."

"तरुणशेठले सांगा, आपले यामा दूध ठेवनं शे. वास म्हैनाभर जात नही. उकळतं पानी बी नको, काच तडकस." मग आवाज एकदम खाली आला, जणू सोनं कुठे पुरलंय ते सांगतायत. "कोमट पानी. त्यामा चमचाभर खायाना सोडा. मऊ फडकं. आन पुसं की लगेच कोरडं करानं, रबरन्या घड्या उकलीसन..."

"मी ऐकत नाहीये," प्यारीबाई म्हणाल्या.

"मी बी तुमले सांगत नही, भाभी. मी सूनबाईले सांगी ऱ्हायनू."

"माझ्यासमोर सांगितलं आणि मी गप्प बसले, तरी ते करवणंच झालं."

वहाबभाईंना हे नवीन नव्हतं. या गल्लीत त्यांनी तीन फाटकांचा हिशेब केव्हाच शिकून घेतलाय: स्वतः करायचं नाही, दुसऱ्याकडून करवायचं नाही, कुणी केलं तर बरं केलं म्हणायचं नाही. तिसऱ्या फाटकात संसारी माणसाला सूट असते असं म्हणतात. प्यारीबाईंनी यंदा चातुर्मासापुरती ती सूटही नाकारली होती. स्थानकात सगळ्यांसमोर.

"तुम्ही काहीच सांगू नका," ते म्हणाले. "मी रबर बदलाले उनू. जुनं रबर मी लई जासू."

"कुठे ठेवाल?"

"दुकानमा."

"उन्हात?"

"सावलीमा."

"कुणी हात नाही ना लावणार?"

"मन्हा दुकानमा गिऱ्हाईक हात लावत नही, दुसरं कोन लाई?"

प्यारीबाईंनी मान हलवली. हलवली की डुलली, हे कुणाला सांगता आलं नाही, आणि त्यांचाही तोच हेतू असावा.

फ्रिज ओढायला गेले तर तो हलेना. दोन्ही बाजूंनी भिंत आणि फ्रिज यांच्या मध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठोकून बसवलेल्या होत्या, वर चिकटपट्टी.

"भाभी, हाई काय?"

"पाल जाते मागे."

वहाबभाईंनी पुठ्ठा काढला. फाल्गुनी आणि त्यांनी मिळून फ्रिज पुढे घेतला. मागच्या जाळीवर धुळीची गोधडी चढली होती, इतकी जाड की पांघरता आली असती. त्यांनी तळहात लावून पाहिला. पिन निघून पाव तास होत आला होता, तरी ऊब होती.

"पाल वाचनी, फ्रिज मरी ऱ्हायना. मांगे चार बोटं जागा लागस याले. याले बी दम लागस."

"याला जीव असता तर मी ठेवली असती जागा."

बाहेरून शेठजी: "मला आहे, बाई! माझी काही जागा बघा!"

कोणी हसलं नाही. शेठजी पुन्हा न्हाणीकडे निघाले होते, आणि त्यांची पावलं घासत चालल्याचं तिघांनाही ऐकू येत होतं. फाल्गुनीने सासूकडे पाहिलं. प्यारीबाईंनी पिनेकडे.

वहाबभाईंनी कोरड्या ब्रशने जाळी झाडली. ब्रश मारण्यापूर्वी प्यारीबाईंनी, "आधी बघा काही आहे का आत," असं म्हटलं, आणि त्यांनी खरंच बॅटरी मारून पाहिलं. एक कोळी होता. त्याला कागदावर घेऊन खिडकीत सोडण्यात दहा मिनिटं गेली. मग जुनं रबर खाचेतून अलगद ओढून काढलं, वर्तमानपत्रावर आडवं ठेवलं, वरून दुसरं वर्तमानपत्र घातलं. नवं रबर गरम पाण्यात बुडवून मऊ केलं, पुसलं, दाबत दाबत बसवलं. खिशातून एस.टी.चं तिकीट काढून दारात धरलं, दार मिटलं आणि ओढलं. तिकीट निघेना. चारी बाजूंनी तसंच करून पाहिलं.

"असं म्हैनामा एकदा देखानं," फाल्गुनीला म्हणाले. "कागद सुटना म्हनजे गारवा बी सुटना."

साडेतीन वाजून गेले होते. तरुणचा फोन आला: बाटल्या मिळाल्या, बर्फाच्या पिशवीत घेतल्यात, पोचतोच.

"झालं?" प्यारीबाईंनी विचारलं. चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी सैल झालं. रबर गेलं, सावलीत गेलं. कुणी काही पुसलं नाही. तिन्ही फाटकं बंद. "लावू पिन?"

"थांबा, थांबा, भाभी! लावू नका!" वहाबभाई गुडघ्यावर बसले होते. त्यांनी तळाचा भाजीचा खण बाहेर ओढला होता.

खणाखाली पाणी होतं, बोटभर उंच. त्याच्या कडेने काळी-हिरवी नक्षी मागच्या भिंतीवर वीतभर चढलेली. रबरावर होते ते नुसते ठिपके. इथे गावच वसलं होतं.

फाल्गुनीने पदर नाकाला लावला.

"आत पानी कसं जमनं?" वहाबभाई स्वतःशीच बोलले. "मांगे भोक ऱ्हास. बर्फनं पानी त्यामाईन मांगला तसराळामा जास, तठे मशीनना तापमा सुकी जास." बॅटरी धरून त्यांनी मागच्या भिंतीवर बोट फिरवलं, आणि थांबले. "हाई भोक कोनी बुजाडं?"

भोकात कापडाचा बोळा ठासून बसवला होता. पांढरं, दुहेरी, घट्ट विणीचं कापड. फाल्गुनीने ते लगेच ओळखलं. पाणी गाळायच्या गळण्याचा तुकडा.

"मी," प्यारीबाई म्हणाल्या.

"कधी?"

"असाढी चौदसला. पुसून झाल्यावर."

"पन कसाले, भाभी?"

"मागच्या तसराळ्यात पाणी साचतं. मुंग्या प्यायला जातात आणि बुडतात. मी पाहिल्यात. एकदा अकरा होत्या." त्या फार हळू बोलत होत्या, पण हा राग नव्हता. "म्हटलं पाणीच नको यायला."

वहाबभाईंनी बॅटरी आत धरून ठेवली होती, त्यामुळे ते हिरवं-काळं गाव नीट उजळून निघालं होतं. प्यारीबाई चौरंगावरून वाकून बघत राहिल्या. एका ठिपक्यात किती, हे त्यांना पाठ होतं. वीतभर भिंतीत किती, याचा आकडा कुठल्याच व्याख्यानात सांगत नाहीत. अकरा मुंग्यांच्या बदल्यात ही वस्ती. वसवली कुणी? पुसली नाही ती जतना, आणि वाढू दिली ती?

"मम्मीजी," फाल्गुनी म्हणाली. आवाज आता चढलेला नव्हता. "रोज रात्री कोरड्या फडक्याने टिपलं असतं तर हे झालंच नसतं. ओल राहिली नसती तर ते आलंच नसतं. ही पण जतनाच ना?"

"रोज मी टिपत नव्हते, असं म्हणायचंय तुला?"

"तुम्ही मला टिपू देत नव्हता, असं म्हणायचंय."

"वहाबभाई, दुसरा काही मार्ग?"

"शे ना. बोळा राहू द्या. पानी असंच वाढी, खाल्ला खण भरी जाई, आठ दिनमा नवा रबरवर बी तेच चढी. आन दवाई परत खराब." त्यांनी शब्द तोडून तोडून सांगितलं, वाढवून नाही, घटवून नाही. "नाहीतर बोळा काढसू. पानी जाई, त्यानासंगे हाई बी थोडं जाई. बाकीनं सोडाना पानीमा पुसाई. कोरडं करसूत, मंग पिन. दोन तास रिकामा चालू द्या, मंग दवाई ठेवा. दारमा नको, मधला फळीवर, बर्फपाईन दूर."

"आणि तसराळं?"

"सूनबाई आठ दिनमा एकदा रिकामं करी. मुंगी जावानी नही."

"करीन," फाल्गुनी म्हणाली. "रोज करीन."

जिन्यावर पावलं वाजली. तरुण वर येत होता. त्याच्या हातातल्या पिशवीतला बर्फ खळखळत होता. बाहेरच्या खोलीतून शेठजींनी विचारलं, "आली का?" आणि मग, उपहास अजिबात नसलेल्या आवाजात: "प्यारी, ठेवायला जागा झाली का?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून शेठजींनी प्यारीबाईंना चारचौघांत नावाने हाक मारल्याचं फाल्गुनीने ऐकलं नव्हतं.

वहाबभाई गुडघ्यावरच होते. त्यांनी चिमट्याने बोळ्याचं टोक पकडलं होतं, ओढलं नव्हतं. तीस वर्षं या गल्लीत वावरलेला माणूस. न विचारता ओढणार नाही.

"भाभी, सांगा. काढू का ऱ्हाऊ देऊ?"

प्यारीबाई उठल्या. फाल्गुनीचा उजवा हात धरला, तो उघडला, पिन त्यात ठेवली आणि तिची पाचही बोटं एकेक करून पिनेभोवती मिटवली. घट्ट आहे ना, ते एकदा दाबून पाहिलं. मग खुंटीवरची जपाला बसायची, सामायिकाची पिशवी घेतली, आणि जिन्यात तरुणला बाजूला सारून, खाली बघत, मुंग्यांची रांग ओलांडून, त्या स्थानकाच्या दिशेने चालू लागल्या.

"भाभी?" वहाबभाईंनी पुन्हा विचारलं, या वेळी फाल्गुनीकडे बघून.